हजेरीचा रविवार

देवकीमावशी गेल्या जुलैत, आमच्या बेटावरच्या ऐन थंडीत गेली. तेराव्याला आमच्या नुव्हेल फ्रांस गावातल्या देवळाच्या हॉलमध्ये मराठी वर्ग चालवणारे चंद्रमोहन गुरुजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, या बाईनं आपल्या गावातल्या किती मुलींच्या मनातली कॉलेजची भीती काढली याची गणती नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी शेवटच्या बाकावर होते. माझ्या पुढच्याच बाकावर मावशीची मुलगी इंद्राणी पाठ ताठ ठेवून बसली होती, आणि गुरुजींचं प्रत्येक वाक्य मला तोंडात मारल्यासारखं लागत होतं. मला उठून जावंसं वाटलं. गेले नाही. उठायचं तेव्हा न उठणं हे माझं जुनंच दुखणं आहे.

आमच्या या बेटावर कॉलेज म्हणजे सहावी पास झाल्यावरची शाळा. बारा वर्षांची पोरं कॉलेजात जातात. मोका गावातली युनिव्हर्सिटी ती त्याच्याही पुढची गोष्ट. माझ्या लहानपणी गावातल्या मुली सहावीनंतर सरळ चहाच्या मळ्यात जायच्या. टोपली पाठीला, मेणकापड कमरेला, आणि धुक्यात पानं खुडायची. मग सत्त्याहत्तर साली सरकारनं कॉलेजची फी काढून टाकली आणि एकदम सगळ्यांच्याच मुली कॉलेजच्या झाल्या. आयांना आनंद झाला, आणि भीतीही वाटली. मुलीला काय सांगून पाठवायचं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते एका देवकीमावशीला. ती पंचावन्न साली, मुलगी असून, तीन महिने कॉलेजात गेली होती. मग तिच्या धाकट्या भावाची पाळी आली आणि दोघांना शिकवणं बापाला झेपेना, म्हणून हिला घरी बसवलं. पण या तीन महिन्यांवर मावशीनं पुढं अख्खं गाव शिकवलं. तिच्या कॉलेजची थट्टा आम्हीही करायचो. मावशीला विचारा, तिला तीन महिन्यांत सगळं आलंय, असं माझे वडील म्हणायचे. तिच्यासमोर मात्र कोणी बोलायचं नाही, कारण मावशी नाकावर माशी बसू देणारी नव्हती, आणि मुळात तिची गरज सगळ्यांना होती.

जानेवारीत कॉलेज उघडायच्या आदल्या रविवारी नव्या मुली आयांना घेऊन तिच्या व्हरांड्यात जमायच्या. मुलांच्याही आया यायच्या, पण मावशी त्यांना परत पाठवायची. मुलांची भीती मुलं मारामाऱ्या करून घालवतात, म्हणायची. टायची गाठ कशी मारायची, बस कुठल्या बाजूला थांबते, मिसला बाहेर जाऊ का हे इंग्रजीत कसं विचारायचं, सगळं ती शिकवायची. डब्यातली रोटी आणि चटणी झाकून खायची नाही, हे तिचं आवडतं कलम होतं. शहरातल्या पोरी पाव आणतील, तुम्ही रोटी काढा आणि मान वर करून खा. मान खाली घातली की त्यांना कळतं, असं ती बजावायची.

सगळ्यात शेवटी हजेरी. घरात आम्हा सगळ्यांची एक हाक असते आणि कागदावर नाव दुसरंच असतं. कोणाला घरी मिनी म्हणतात, कागदावर ती विद्यावती. कोणाच्या आजाचं नाव कारकुनानं आडनाव म्हणून लिहिलेलं. कॉलेजात कागदावरचंच नाव पुकारतात, आणि पहिल्या दिवशी मुलगी ते ओळखत नाही. म्हणून मावशी प्रत्येकीचा जन्माचा दाखला मागायची, खुर्चीवर बसून मिससारख्या आवाजात पूर्ण नाव वाचायची, आणि मुलीनं उठून 'प्रेझंट, मिस' म्हणायचं. एकदा नाही, तीन-तीनदा. तिसऱ्यांदा उठेपर्यंत मुलीला हसू यायला लागायचं आणि भीती अर्धी झालेली असायची. ही युक्ती खरोखरच चांगली होती. मला अजून तसंच वाटतं.

सत्त्याहत्तरच्या त्या रविवारी आम्ही अकरा जणी होतो. कागदावर विद्यावती असलेली ती मिनी मीच. शेजारच्याच घरातली, बांबूच्या कुंपणापलीकडची. इंद्राणी माझ्याच वयाची, पण माझ्याहून वीतभर उंच, आणि अभ्यासात कितीतरी पुढं. ती पायरीवर बसून आपल्या पाळीची वाट बघत होती. मावशीनं दहा दाखले वाचले, दहा जणी उठल्या. मग तिनं चष्मा काढला आणि इंद्राणीला म्हणाली, तुझं काय वाचायचं, तू तर घरचीच. सगळ्या हसल्या. इंद्राणीही हसली.

त्यानंतर मावशीनं मला मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी बोलावलं. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. ती मला जे बोलली ते मी शब्द न शब्द सांगू शकते.

"मिनी, उद्या माज्या पोरीचा नाव वायला पुकारतील. राघोजी नाय, सकाराम. इंद्राणी सकाराम. ती उठनार नाय, तिला ठाऊक नाय. तू तिच्या बाजूला बस. नाव पुकारला की तिचा हात धर आनि तिला उठव. घरी आली की मी समजावते."

मी विचारलं, मावशी, तुम्हीच का नाही सांगत? तिनं कागदाची आणखी एक घडी घातली. म्हणाली, "माज्या तोंडातून नाय निघत." मग तिनं मला देवाची शपथ घ्यायला लावली आणि मी घेतली. बारा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं गुपित मिळालं की काय वाटतं? मला अभिमान वाटला. अगदी खरं सांगते, रात्रभर फुगून होते.

गुपित काय होतं ते मला नंतर आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. देवकीमावशीचं हरिलाल राघोजीशी लग्न त्रेसष्ट साली झालं. हळद झाली, गोंधळ झाला, तीन गावांची माणसं जेवली. फक्त सरकारी दप्तरात ते लग्न कधी लिहिलं गेलं नाही. आमच्या म्हाताऱ्यांना ते कागदावरचं लग्न म्हणजे गोऱ्या साहेबांचं खूळ वाटायचं. देवासमोर झालेलं लग्न कारकुनाला कशाला दाखवायचं? एरवी हे पचूनही गेलं असतं. पण पहिलं बाळंतपण आमच्या रिवाजाप्रमाणं माहेरी झालं. नात झाल्याच्या आनंदात मावशीचा बाप धोतर झटकून स्वतःच जन्म नोंदवायला गेला. कारकुनानं लग्नाचा कागद मागितला. तो नव्हता. मग कारकुनानं सरकारी नियमाप्रमाणं मूल आईच्या माहेरच्या नावावर, सकाराम असं लिहिलं, आईला अविवाहित लिहिलं, आणि बापाच्या जागी काहीच लिहिलं नाही. म्हाताऱ्याला फ्रेंच वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा उठवला आणि येताना सगळ्यांना गरम गातो पिमां, म्हणजे आमचे मिरचीचे वडे, घेऊन आला.

कागदाचा अर्थ मावशीला कळला तेव्हा तिनं नवऱ्याच्या मागं धोशा लावला. हरिलालनं जाऊन ही माझी मुलगी एवढं लिहून दिलं असतं तरी पुरलं असतं. तो वाईट माणूस नव्हता, इंद्राणीला खांद्यावरून खाली ठेवायचा नाही. पण मानी होता. माझ्याच पोरीला माझी म्हणायला कारकुनापुढं हात जोडून उभा राहू का, असं म्हणायचा आणि दिवस पुढं ढकलायचा. एकोणसत्तरच्या उसाच्या हंगामात तो भरलेल्या लॉरीवरून खाली पडला आणि चाक वरून गेलं. त्यानंतर लिहून द्यायला कोणी उरलं नाही. गावच्या शाळेत हेडमास्तर ओळखीचे; त्यांनी पोरीला वर्गात राघोजीच म्हणू दिलं. सहावीचा निकालही नावावर नाही, नंबरावर लागला. अशी सहा वर्षं निघाली, आणि मावशीला वाटत राहिलं की सांगायला अजून वेळ आहे.

सोमवारी सकाळी धुकं होतं. आम्ही दोघी एका सीटवर बसून गेलो. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या बायकांनी काही नियमाबाहेर केलं नाही. बसमध्ये इंद्राणी मलाच धीर देत होती. माझी टायची गाठ सुटली ती तिनं बांधून दिली. म्हणाली, घाबरू नको, मी आहे ना बाजूला.

बाजूला राहायचं काही झालं नाही. वर्गात मिसनं आम्हाला उंचीप्रमाणं बसवलं. मी पहिल्या बाकावर, ती शेवटच्या. एका मुलीनं मागं वळून मैत्रिणीला बेटाच्या बोलीत, क्रिओलमध्ये काही विचारलं तर मिसनं तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मग हजेरी सुरू झाली. माझं नाव आलं, मी शिकवल्याप्रमाणं उठले, 'प्रेझंट, मिस' म्हणाले आणि बसले. मावशीची युक्ती लागू पडली होती.

"सकाराम, इंद्राणी."

कोणी उठलं नाही. मिसनं पुन्हा पुकारलं. मी बाकाच्या लाकडाकडं बघत होते. त्यावर कोणीतरी कंपासनं पक्षी कोरला होता, त्याला एकच पाय होता. मला मागं वळायचं होतं. हात वर करून, मिस, ती मागं बसली आहे, एवढंच म्हणायचं होतं. भिंतीकडं तोंड केलेली ती मुलगी मला दिसत होती. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं आणि मी मूग गिळून बसले. मिसनं कागदावर रेघ मारली.

यादी संपल्यावर मिसनं विचारलं, कोणाचं नाव राहिलं? इंद्राणी उठली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "इंद्राणी राघोजी, मिस." असं नाव यादीत नव्हतं. तिला ऑफिसात पाठवलं. ऑफिस आमच्या वर्गाला लागूनच, मध्ये झडपांची खिडकी. तिथल्या कारकून बाईंनी कागद चाळले, दोन्ही नावं जुळवली, आणि मोठ्यानं फ्रेंचमध्ये म्हणाल्या की ही बघा सापडली, हिचा बाप अज्ञात आहे. त्या बाईंच्या दृष्टीनं तो कागदावरचा एक रकाना होता. खिडकीजवळच्या मुली खुसखुसल्या आणि ते हसू बाकाबाकानं पुढं माझ्यापर्यंत आलं. मी हसले नाही, असं लिहावंसं वाटतं. पण सगळ्या हसत होत्या, आणि तोंड तेवढंच हलवून मीही हसले.

इंद्राणी वर्गात परत आली, दप्तर घेतलं आणि गेली. मिसनं थांबवलं, पण ती थांबली नाही. एकटीच बसनं घरी आली. त्यानंतर ती कधीही कॉलेजात गेली नाही.

दुपारी चारला मी उतरले तर मावशी आमच्याच दारात उभी होती. तिला कळलं होतं. तिनं मला एवढंच विचारलं, "तू सांगितलास ना तिला?"

आई बाजूलाच उभी होती. देवाची शपथ घेतलेली होती. मी म्हणाले, "सांगितलं, मावशी. हात धरला, नावही सांगितलं. ती ऐकूनसुद्धा उठली नाही."

मावशीच्या चेहऱ्यात काहीतरी बंद झालं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तू केलंस ते चांगलं केलंस म्हणाली आणि कुंपणापलीकडं गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज ऐकू आला, ओरडण्याचा नव्हे, साधाच. माझ्या नावाची लाज वाटत असेल तर नको जाऊस. इंद्राणीनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. आईनं सगळं ठाऊक असून आपल्याला हसं करून घ्यायला पाठवलं, असं तिनं धरलं होतं. आणि मुलीनं सगळं कळून आपल्याला नाकारलं, असं आईनं. दोघींच्या मध्ये माझं एक खोटं होतं, आणि मी रोज सकाळी टाय बांधून त्यांच्या दारावरून बसला जात होते.

इंद्राणी आईबरोबर चहाच्या मळ्यात जायला लागली. मोठी झाल्यावर कपड्यांच्या फॅक्टरीत लागली, त्या वर्षांत गावागावांत फॅक्टऱ्यांच्या गाड्या फिरत होत्या. मावशीचा जानेवारीचा रविवार मात्र चुकला नाही. नव्या मुली यायच्या, टायच्या गाठी व्हायच्या, दाखले वाचले जायचे, आणि आत स्वयंपाकघरात इंद्राणी त्या सगळ्यांसाठी चहा करायची. कपबशा आणून ठेवायची आणि आत जायची. मी एकदा-दोनदा मदतीला गेले. नंतर काहीतरी कारण काढून जायचं टाळलं.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात मला मोक्याच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी भल्या पहाटे आईनं मला मावशीच्या पाया पडायला पाठवलं. मावशी तेव्हा गुडघ्यांनी जेरीला आली होती. तरी माझी मान खाली दिसली तशी ती नेहमीप्रमाणं सुरू झाली. तिथंही हजेरी असेल, तिथंही रोटी मान वर करून खायची, मोठमोठे लोक असतील तर असू देत. युनिव्हर्सिटी तिनं बसमधून तेवढी पाहिली होती. खरं तर मी घाबरले होतेच, आणि तिच्या बोलण्यानं मला खरोखर धीर आला, याचीच मला आज जास्त चीड येते.

इंद्राणी टेबलापाशी फॅक्टरीचा डबा भरत होती. मावशी तिच्याकडं न बघता मला म्हणाली, "तू माज्या पोरीसाठी केलास तेवढा कोन करता? हात धरून उठवलास. तीच नाय उठली."

डब्याचं झाकण लावता लावता इंद्राणी थांबली. "कोणी उठवलं मला?"

तिनं विचारलं माझ्याकडं बघून. आठ वर्षं होत आली होती आणि हा विषय त्या घरात पहिल्यांदाच निघत होता, हे मला त्या क्षणी कळलं. मी तेव्हाही खोटं बोलू शकले असते. जीभ तशी तयार होती. पण ती माझ्याकडं बसमध्ये टाय बांधताना बघायची तशीच बघत होती. मी सांगितलं. उंचीप्रमाणं बसवलं इथपासून ते दारातल्या खोट्यापर्यंत सगळं सांगितलं. माझा आवाज रडवेला झाला आणि त्याचाही मला राग आला.

मावशी भिंत धरून खुर्चीवर बसली. तिनं मुलीला विचारलं, "मंग तुला ठाऊकच नव्हता?"

"नाही."

"मी समजले तुला माजी लाज वाटली."

इंद्राणीनं डबा पिशवीत ठेवला. चिडली नाही, रडली नाही. मला वाटतं त्याला फार उशीर झाला होता. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत तू मला एकदा तरी विचारायचं होतंस, आई."

गावातल्या सगळ्या पोरींना काय बोलायचं ते शिकवणारी बाई तोंड उघडून तशीच बसून राहिली. पुढच्या जानेवारीत व्हरांडा बंद होता. गावाला गुडघ्यांचं कारण सांगितलं गेलं आणि गावानं ते मानलं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं एकीचंही नाव वाचलं नाही. मुलीशी ती काय बोलली, बोलली की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचं तोंड मला नव्हतं.

त्या सकाळी रस्त्यावर फॅक्टरीच्या गाडीचा हॉर्न वाजला. इंद्राणी माझ्या बाजूनं बाहेर पडली. जाताना एवढंच म्हणाली की तुझीही बस चुकेल. गाडीच्या दारात कागद घेऊन एक माणूस उभा होता. आमच्याकडच्या बायका चढत होत्या आणि तो एकेकीचं नाव पुकारून खूण करत होता. मावशी उठून दारापर्यंत आली होती, माझ्या खांद्याचा आधार घेऊन.

"सकाराम, इंद्राणी," तो माणूस म्हणाला.

"प्रेझां," इंद्राणी म्हणाली आणि गाडीत चढली.